अकरा लाल नावं

गावागावांत इंटरनेट कॅफे निघत होते, त्या दिवसांतली गोष्ट. हिंगोलीत एका छोट्या कंपनीत मी कोड लिहायचे. कंपनी छोटी, पण माझा तोरा मोठा होता. नर्सिंगच्या प्रवेशाचं एक पोर्टल आमच्याकडे आलं होतं. अर्ज भरायला कुणी लॉगिन केलं की त्याचं सेशन सुरू होतं आणि त्यात त्याचं नाव साठवलं जातं. सेशनमध्ये काही बदललं तर कळावं म्हणून इव्हेंट लिसनर लावतात, म्हणजे सतत कान देऊन बसलेला कोड. तो मी लिहिला. सेशन तेच आणि नाव मात्र मध्येच बदललं, तर कुणीतरी दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये घुसलं असं धरायचं आणि अर्ज संशयित म्हणून लाल करायचा. साहेब खूश झाले. मीही चार दिवस हवेत होते.

मुदत संपली आणि लाल यादी निघाली. अकरा मुली, सगळ्या एकाच सेशनमधल्या, सगळ्या कनेरगाव नाक्याच्या. नाक्यावर कॅफे एकच होता, माझ्या मामाचा.

आमच्या बौद्धवाड्यातली असो की पलीकडच्या गल्लीतली, जी येईल तिचा अर्ज मामा स्वतः भरून द्यायचा. नेट फोनच्या तारेवरचं. लॉगआउट करायला गेलं की पान उघडेपर्यंत लाइनच तुटायची. म्हणून आधीचीला बाहेर न काढताच मागे जायचं आणि पुढचीचं नाव टाकायचं. ही युक्ती त्याला कुणी शिकवली? मीच. हे पोर्टल यायच्या आधी, दिवाळीत गेले होते तेव्हा, मोठा शहाणपणा करून.

साहेबांनी यादीवरून नजर फिरवली. "एजंट दिसतोय कुणीतरी," म्हणाले आणि अकराही अर्ज बाद करायला सांगितले. सर, चूक माझ्या कोडची आहे, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण नोकरीला तीनच महिने झाले होते. मी मूग गिळून बसले. त्याची आजही लाज वाटते.

दोन दिवसांनी मामाचा फोन आला. "काहून बाद केले म्हन्ते वं पोरीचे फारम? तू हायेस ना तिथं?"

"नियम हाय मामा. एका सेशनमधी नाव बदललेलं चालत न्हाई."

"पन तूच तं..." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "बरं. माहीच चूक झाली म्हून सांगतो."

आणि खरंच अकरा घरी जाऊन त्यानं तसं सांगितलं. लोक वाटेल ते बोलले. कॅफेत कुणी फिरकेना. पुढच्या महिन्यात मी लिसनर दुरुस्त केला. नाव बदललं की अर्ज लाल न करता आधी विचारणा करायची, असा. प्रवेश तोवर आटोपले होते.

नंतर गावी गेले तेव्हा मामापुढं रडले. म्हटलं, आता सगळ्यांना खरं सांगते.

तो ताठ झाला. "खबरदार! कॅफे बंद पडला तं मी वावरात जाईन. तुहं नाव खराब झालं तं उद्या आपल्या पोरीइले कोन मशीनीपाशी बसू देईल?"

मला ते पटलं नव्हतं. पण सोयीचं होतं, म्हणून ऐकलं.

दोनेक वर्षांनी हिंगोलीच्या बसस्थानकावर त्या अकराजणींतली एक भेटली. कडेवर लेकरू होतं. अर्ज बाद झाल्यावर वर्ष फुकट कशाला घालवायचं म्हणून घरच्यांनी तिचं लग्न उरकून टाकलं होतं.

"ताई, तुमच्या मामानं माहं वाटोळं केलं," ती म्हणाली. "तुमी तं कॉम्प्युटरवाल्या. तुमच्यापाशी आली असती तं बराबर भरला असता ना फारम?"

"व्हय," मी म्हणाले.