सरांच्या घरचा ठोका

बोंबील सुकला की आकसतो, किस्सा सुकला की फुगतो. आमच्या होडीवरचे किस्से तर असे साठलेत की एक काढावा, तर चार त्याच्या शेपटीला धरून येतात. हा मात्र मी फुगवलेला नाही. घाबरलेला माणूस फुगवणार काय, कप्पाळ!

होडी दांडी गावच्या पांडूदादाची. तो तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य; मी आणि बाळू खलाशी. तारापूरला मोठं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. नारळीपौर्णिमा होऊन गेलेली, तरी एका सकाळी आभाळ पार पाण्याला टेकलं. होडीचं दुसरं टोक दिसेना.

अशा वेळी आमच्याकडं बायका किनाऱ्यावर थाळ्या वाजवतात. प्रत्येक घरचा ठोका वेगळा. दादाच्या बायकोचा, हिरावहिनीचा, दोन सावकाश आणि मग भराभर. आपला ठोका ऐकायचा आणि तिकडं होडी धरायची. चुकलात तर खडक. दादा म्हणायचा, "घरात बायकोचं नाय ऐकलं तरी चालंल. इथं ऐकायलाच लागतं."

*

त्या दिवशी ठोका ऐकूच येईना, कारण डोक्यावर विमान घरघरत होतं. शिकाऊ पोरांची विमानं अधूनमधून आमच्यावरून जायची. हे जाईना. ढगात गोल गोल फिरत होतं आणि दर फेरीला खाली येत होतं. माझी बोबडीच वळली. दादा वर तोंड करून ओरडला, "अरे बाबा, घरी जा. आमाला आमचं घर ऐकू येऊ दे."

बाळू एरवी वादळाला शिव्या घालणारा. तो जाळ्यांच्या ढिगात शिरला.

"जाळ्यानं विमान अडतं काय रे?" दादानं विचारलं.

"अडत नसंल," आतून आवाज आला, "पण दिसत तरी नाय."

*

मग घरघर थांबली. पाण्यावर काहीतरी आपटलं आणि आमची होडी एका अंगावर कलली.

शांत झालं तसा वहिनीचा ठोका ऐकू आला, उजवीकडून. आणि डावीकडून, खडकांच्या बाजूनं, माणसाची हाक.

मी म्हटलं, "दादा, ओहोटी लागलीय. तिकडं गेलो तर आपण नाय परत येत." मला खरंच तसं वाटत होतं. दादानं होडी डावीकडं घेतली. बाळू जाळ्यांतून बाहेर आला आणि वल्ह्याला बसला.

*

कोवळं पोरगं होतं. पंखाच्या तुकड्याला असं चिकटलेलं की बाळूला त्याचं एकेक बोट सोडवावं लागलं. "सर पीछे थे," एवढंच बोलत राहिलं. सर म्हणजे शिकवणारे, मागच्या सीटवरचे. आम्ही हाका मारल्या, खडकांभोवती फिरलो. उत्तर आलं नाही. ओहोटी ओढायला लागली तेव्हा दादानं होडी किनाऱ्याकडं वळवली. पोरगं पाण्यात उडी घ्यायला निघालं. मी त्याच्या कमरेला मिठी मारून बसलो.

*

आमचा रिवाज असा, की आपला माणूस वाळूला लागला की थाळी थांबते. बाकीच्या होड्या केव्हाच लागल्या होत्या. एकटी वहिनी वाजवत होती. दादाचा पाय वाळूत पडला, तशी तिनं थाळी खाली ठेवली आणि मटकन बसली.

मग तिला ते रडणारं पोर दिसलं. दादानं सांगितलं, याचे सर अजून पाण्यातच हायत.

वहिनी उठली, पदर खोचला, थाळी उचलली.

"मंग रड," ती पोराला म्हणाली. "आदी तुज्या सरांच्या घरचा ठोका कसा हाय, तो सांग."