लूमपाशी हलणारे ओठ

मशीनच्या तेलाचा वास आला की मला भेस्तानची कापड विणायच्या लूमची शेड आठवते. शाळेला सुट्टी असली की मी तिथे वडिलांचा डबा पोहोचवायचे. आत खडखडाट इतका की शेजारच्याचंही ऐकू येत नसे. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलत, आणि येता-जाता मलाही ते वाचता यायला लागले होते. त्या दुपारी वडील लूमपाशी एकटेच उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. घरी ते जेमतेम बोलायचे, म्हणून मला वाटलं, भजन म्हणताहेत. कौतुकाने जवळ गेले. ते म्हणत होते, "माले घर नही जानं. माले घर नही जानं." तेवढ्यात मी त्यांना दिसले. हसून त्यांनी ओठांनीच विचारलं, "जेवनी का?" मी 'हो, जेवले' अशी मान हलवली. आता मी कथा लिहिते. वाचकाला चकवणारा शेवट जागेच्या वर्णनातच लपवून ठेवावा, असं नवख्यांना सांगतेही. ती शेड मी कितीदा तरी लिहिली, तेलाच्या वासासकट, खडखडाटासकट. शेवटी मात्र वडिलांच्या ओठांवर दरवेळी भजनच ठेवते.