ब्रेक नवा, पाय जुना

आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक बोलतो आमची तंजावरी मराठी. शिव्या मात्र तमिळमध्ये देतो, त्याही फक्त गंजलेल्या बोल्टांना. माझ्या जुन्या अँबेसिडरचे पुढचे ड्रम काढून त्याने डिस्क ब्रेक बसवले, पण चावी काही देईना.

"ब्रेक नवा झाला, सार. पाय जुनाच की तुमचा!"

खरंच होतं. तीस वर्षं पेडल तीनदा हाणल्याशिवाय माझी गाडी थांबलेली नाही.

मग तो हातपाय धुऊन, पांढरीशुभ्र वेष्टी नेसून, काठोकाठ भरलेला कॉफीचा टंबलर हातात धरून शेजारी बसला. तिरुवैयारुच्या रस्त्यावर पहिल्याच ब्रेकला निम्मी कॉफी वेष्टीवर. दुसऱ्या दिवशी धुतलेली वेष्टी, ताजी कॉफी. "मेल्ल, सार, हळू. एकदाच दाबा."

तिसऱ्या दिवशी कालव्याच्या वळणावर एक बाई मोपेड घेऊन आडवी आली. मी एकदाच दाबलं. कॉफी काठावर हिंदकळली आणि परत फिरली. बाई आमच्याकडे न बघताच निघून गेली.

त्याने शांतपणे एक घोट घेतला. "मला ठाऊकच होतं."

मी खाली पाहिलं. त्याच्या बाजूला पेडल नाही. तरी त्याचा उजवा पाय सगळी ताकद लावून तिथे रेटलेला होता.