बाळारामदादा आणि न दिसणारी डिस्क

बाळारामदादा कुठल्याही मशीनला लगेच हात लावत नसत. समोर स्टूल ओढून बसायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि नुसते बघत राहायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "थांब जरा, तिची न् माझी आधी ओळख होऊ दे." टेमघरला आमच्या गल्लीत शेवटचं घर त्यांचं. आयुष्यभर पॉवरलूमच्या कारखान्यांत जॉबर होते. बंद पडलेली लूम चालू करून देणं हे त्यांचं काम. पण मिक्सर असो की शिवणयंत्र, आतलं बघायची हौस भारी.

मी तेव्हा वडप्याच्या गोडाऊनमधली नोकरी सोडून साड्यांच्या बॉर्डरची डिझाइनं करायला निघाले होते. एका कारखानदाराने सांगितलं होतं, शनिवारी संध्याकाळपर्यंत बॉर्डर दाखव, नाहीतर मी तयार डिझाइन घेतो. पहिलंच काम. त्यासाठी मी सुटे भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जोडला, गल्लीभर सांगत सुटले, आणि शनिवारी सकाळी बघते तर काय, पंखे फिरतायत, स्क्रीन लागतोय, पण त्यावरच्या यादीत डिस्कच नाही. ही डिस्क म्हणजे नवी एसएसडी, बोटभर लांबीची चपटी पट्टी, बोर्डाच्या खाचेत बसणारी. मी ती दोनदा काढून बसवली, खाच बदलली, सेटिंग उलटंपालटं केलं, व्हिडिओ पाहिले. यादी आपली रिकामी. दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले, तेव्हा आई न सांगता जाऊन दादांना घेऊन आली.

"लूमवाल्याला यातलं काय कळणार?" मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. आजही आठवलं की लाज वाटते. दादा मात्र स्टूल ओढत होते.

"न्हाय कळत, बाय. म्हनूनच तर आलो. यात फिरतं काय?"

"या पट्टीत काहीच फिरत नाही."

"मंग झिजतं काय?"

"लिहून लिहून झिजते ती."

"वहीसारखी," ते खूश होऊन म्हणाले. "आन् बोर्डाला कळतं कसं, ही आली म्हनून?"

मी पट्टीच्या टोकाचे सोनेरी दात दाखवले. दादांनी पट्टी हातात घेतली, खिडकीकडे नेली आणि उलटी केली. खालच्या दातांवर कुंकवाचा वाळलेला टिळा होता. आदल्या दिवशी आईने सगळे भाग ताटात मांडून पूजा केली होती. वरून दिसले ते टिळे मी पुसले होते. खालून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

"वैनी, पूजा केली वाटतं?" दादांनी विचारलं.

"केली तर," आई कौतुकाने म्हणाली. "एकेका तुकड्याला कुंकू लावलं. ही सोनेरी दिसली, म्हणून हिला बोट ओलं करून नीट लावलं."

मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाले, "बाय, खोडरबर आन." त्यांनी हलक्या हाताने दात घासले, फुंकर मारली, पट्टी बसवली, स्क्रू आवळला. मी बटण दाबलं आणि यादीत डिस्कचं नाव आलं.

"स्क्रू ढिला व्हता, वैनी," दादा मोठ्याने म्हणाले. "बाकी काय न्हाय."

दाराशी मी त्यांना गाठलं. "खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं तर ती उद्यापासून त्या खोलीत पाय न्हाय टाकनार. तिला बघू दे की, पोरगी काय करते ती."

बॉर्डर कागदावर तयार होतीच; ती मी कॉम्प्युटरवर उतरवली आणि संध्याकाळी कारखानदाराने पास केली. पुढची तीन वर्षं आई माझ्या शेजारी बसून रंग सुचवत आली, आणि येईल त्याला ढिल्या स्क्रूची गोष्ट सांगत आली.

गेल्या वर्षी दादा गेले. दहाव्याला आईने तीच गोष्ट पुन्हा काढली. शेजारी दादांच्या कारखान्यातले एक म्हातारे कारागीर बसले होते. ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "बहनजी, हमारे यहाँ भी पूरे तीस साल किसी कारीगर की गलती नहीं निकली. हर बार स्क्रू ही ढीला निकला."

आई माझ्याकडे वळली. तिने हळूच विचारलं, "माझं कुंकू होतं ना गं?"

मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "स्क्रू होता, आई."