मास्तरने बेतलेलं जग

आमच्या हिला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतली मास्तरीण नव्हे, कटिंग मास्तर. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं कापड कापलं तिनं. तिच्याआधी त्या टेबलाशी कुणी बाई उभी राहिली नव्हती. पहिल्याच दिवशी मशिनवरची माणसं कुजबुजली, "आता हिला काय म्हणायचं?" ही म्हणाली, "आधीच्याला काय म्हणायचात?" "मास्तर." "मग मलाही तेच म्हणा." झालं. आता मीसुद्धा तेच म्हणतो.

चाळीस गणवेशांचं कापड आलं की ही एक्केचाळीस काढायची. बाही, कॉलर, पाठ यांचे कागदी तुकडे कापडावर असे मांडायची, की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. याला बेतणं म्हणतात. एखादी बाही उलटी फिरवली तर ती दोन पाठींच्या मधल्या फटीत बसेल, हे तिला लांबूनच दिसायचं. बेतताना चार-चार तास लावील, पण एकदा कात्री लावली की हळहळ नाही. मालक म्हणायचा, "मास्तर, तुमच्या टेबलाखाली झाडायला काही उरतच नाही हो."

मी पाणीखात्यात मीटर वाचायचो. माझ्याबद्दल एवढं पुरे.

ती निवृत्त झाली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मला जगाला एक चक्कर मारायची आहे. सहा महिने."

लेक आली होती, तिचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "कशाला?"

"कशाला म्हणजे? जन्मभर जहाजावरच्या लोकांचे कपडे कापले, विमानातल्या लोकांचे कापले. माझ्या हातचे कोट बर्फाच्या समुद्रात जाऊन आले. मी कुठे गेले? कारखाना ते घर, घर ते कारखाना. मला तो बर्फाचा समुद्र बघायचाय."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं."

"अंथरूण मीच बेतणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही पायांचं बोला."

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणालो, "मी येणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

खरं कारण सांगतो. मला विमानाची भीती वाटते. एकदाच बसलो होतो, तेव्हा शेजारच्या परक्या माणसाचा हात असा धरला होता, की उतरल्यावर तो मनगट चोळत गेला. पण हे काय लेकीसमोर सांगायचं?

मास्तर नुसतं "बरं" म्हणाली आणि आमटी वाढायला लागली. अहो, बरं काय? माणूस एकदा नाही म्हणतो ते काय खरंच नाही असतं? दोनदा-तीनदा विचारावं, जरा आर्जव करावं, मग माणूस कुरकुरत हो म्हणतो. जगाची रीत आहे ही! पण ही विषय संपवून मोकळी.

लेकीनं कॉम्प्युटरवर खर्चाचा तक्ता करून दिला. मास्तरनं दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाली, "यात मला काही दिसत नाही गं." दुसऱ्या दिवशी बाजारातून मांजरपाट घेऊन आली, ते साधं कोरं जाडं कापड, आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. "हे अख्खं कापड म्हणजे माझे निवृत्तीचे पैसे," तिनं लेकीला समजावलं. "तळहाताएवढं कापड म्हणजे दहा हजार. याच्याबाहेर एक सूत जायचं नाही."

मग खाकी कागदातून देश कापायला बसली. खोली, जेवण, रेल्वे, पुढच्या विमानाचं भाडं, सगळं धरून एकेक तुकडा. जपान भलामोठा, व्हिएतनाम एवढंसं, पेरू मधल्या चणीचा. प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी शिलाईसाठी बोटभर जागा सोडलेली. आजारपण, चोरी, चुकलेली गाडी, ते सगळं त्या शिलाईत. सगळ्यांत मोठा तुकडा बर्फाच्या जहाजाचा. दक्षिणेच्या टोकाला एक बंदर आहे, तिथून अकरा दिवस ते जहाज बर्फात फिरवून आणतं. शेजारपाजारच्या लेकी-सुनांनी विचारलं तर ती बोट ठेवून दाखवायची, "डावीकडून निघायचं, उजवीकडे घरी."

पंधरा दिवस आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवलो. मी येता-जाता टेबलाकडे बघायचो. एक जपान, एक पेरू, एक पोर्तुगाल. माझा कुठे तुकडाच नाही! मूग गिळून बसलो. कुणी विचारलं की ऐटीत सांगायचो, "ती चाललीय, मी घर बघणार." आणि रिकाम्या घरात सहा महिने आपण कुणावर ओरडणार, हा विचार काही डोक्यातून जायचा नाही.

एका दुपारी माझ्या हातून चहा सांडला. थेट मांजरपाटावर. पुसायला म्हणून कापडाची कड उचलली, तर खाली आणखी एक थर. कापड दुहेरी घातलेलं होतं.

आता ज्याच्या घरात मास्तर नाही त्याला सांगतो. बाह्या दोन लागतात, म्हणून कापडाची घडी घालतात आणि घडीवर बेततात. वर मांडलेला दिसतो एकच तुकडा, पण कात्री चालली की निघतात दोन, हुबेहूब सारखे. हे मला लग्न झाल्यापासून, बत्तीस वर्षं माहीत होतं, आणि पंधरा दिवस त्या टेबलाशेजारी बसून माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"मास्तर, हे घडीवर आहे."

"मग?"

"म्हणजे सगळे तुकडे दोन-दोन."

"हो."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर पुन्हा नाही म्हणाला असतात. आणि एकदा नाही म्हणालात की महिनाभर त्याला चिकटून बसता. म्हणून विचारलं नाही, घडी घातली."

मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना, म्हणून मी कप काठावर कुणी ठेवला यावरून पाच मिनिटं आरडाओरडा केला.

आठवड्यानं आम्ही तिकीटवाल्याकडे गेलो. मास्तरनं कापड त्याच्या काउंटरवर अंथरलं. तो आधी हसला, मग चष्मा लावला आणि एकेक तुकडा बघत गेला. पेरूपाशी थांबला. पेरूच्या कुशीतल्या फटीत मास्तरनं न्यूझीलंड उलटं फिरवून चपखल बसवलं होतं.

"बाई, पेरूहून तुम्ही न्यूझीलंडला कशा येणार? ते मागे राहिलं."

"फट होती, बसलं."

"कापडावर बसलं, तिकिटात नाही बसायचं. जगाला चक्कर मारायचं तिकीट स्वस्त पडतं ते एका अटीवर. एकदा पूर्वेला निघालात की पूर्वेलाच. समुद्र ओलांडला की मागे वळायचं नाही."

मला वाटलं आता ही भांडणार. पण तिनं कपाळाला हात लावला. "मखमल आहे म्हणा की! मखमलीला लव असते," ती त्याला सांगू लागली, "सगळे तुकडे एकाच दिशेनं लावावे लागतात. एक जरी उलटा लावला तर अंगावर वेगळ्याच रंगाचा दिसतो. आणि म्हणून कापड जास्त लागतं. चौतीस वर्षांत मी मखमलीला साधं कापड समजले नाही, आणि आता हे!" ती स्वतःवरच चिडली होती.

घरी येऊन तिनं सगळं पुन्हा मांडलं, एका दिशेनं. मधली भाडी वाढली, तुकडे नव्यानं कापावे लागले. न्यूझीलंड काढून टाकलं. जपानचे चार दिवस छाटले. शिलाईला मात्र हात लावला नाही. तरी शेवटी जहाजाचा तुकडा कापडाबाहेर चार बोटं लोंबत राहिला. दोन दिवस ती टेबलाभोवती फिरत होती. तिसऱ्या दिवशी तिनं तो तुकडा उचलला, कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. बाकी सगळं बसतंय."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण तिचा तो समुद्र मला माहीत होता हो! त्याच्यासाठी तर हे सगळं मांडलं होतं. माझ्यासारख्या कुरकुऱ्याला बरोबर न्यायचं म्हणून तो कपाटावर?

मी तुकडा खाली काढला. "मास्तर, घडी उघड. एकटीचं बेत. सगळं बसेल, वर उरेल. तू जा." आणि लेकीसमोर लपवलेलंही सांगून टाकलं. "मला विमानाची भीती वाटते. त्याहून जास्त तुझ्याशिवाय राहायची वाटते. पण माझ्या पायी तुझा समुद्र राहिला, तर मला ते सहन व्हायचं नाही. जा तू."

तिनं खडू घेतला, कापडाची उजवी बाजू हातभर उघडली आणि तेवढ्याच एकेरी भागावर जहाजाचा तुकडा ठेवला. बसला. शेजारी एवढीशी पट्टी उरली, त्यावर तिनं खडूनं चौकोन काढला.

"हे काय?"

"सगळेच तुकडे दोन लागत नाहीत. खिसा एकच असतो. जहाजावर मी एकटी जाईन. हा चौकोन म्हणजे त्या बंदरावर तुमची खोली, अकरा दिवसांची."

"मी तिथे एकटा?"

"हो. तिथली भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, थंडी मरणाची. पोचायला सात विमानं." तिनं कात्री हातात घेतली, पण लावली नाही. "हे मी पहिल्याच दिवशी मांडू शकले असते. पण हे तुमच्या नकळत कापण्यातलं नाही. म्हणून विचारते. अहो, थांबाल माझ्यासाठी?"

बत्तीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा विचारलं होतं आणि मी कुरकुर करायची विसरलो.

"थांबेन," मी म्हणालो.

"मग धरा ते टोक, ताणून. कापड हलता कामा नये."

मी दोन्ही हातांनी टोक धरलं, आणि तिनं कात्री लावली.