ताई, चहा टाक

भोंगा ड्रायव्हरचं बाहेर काहीतरी आहे, अशी कुजबूज दप्तरं बनवणाऱ्या त्या कंपनीत बरेच दिवस चालू होती. आणि ती काही हवेत उगवलेली नव्हती. तपासणीच्या बाईंना घेऊन गाडी काढायच्या आधी हा माणूस गाड्या धुवायच्या नळामागे जायचा आणि फोन कानाला लावायचा. एरवी याचा नुसता ‘नमस्कार’ तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा, पण तिथं मात्र तो साखरेत घोळल्यासारखा बोलायचा. "दुपारी येतोय. टाकून ठेव." हे वाक्य पॅकिंगच्या बायकांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. काय टाकून ठेव, याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या आवडीप्रमाणे लावला. गोदामाच्या कारकुनानं तर ‘तिच्या’ घरातल्या पडद्यांचा रंगसुद्धा सांगितला. पुढं एके दिवशी भोंग्यानं फोन बाळगणंच सोडलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोनं पकडला!

बायकोच्या कानावर हे गेलं तेव्हा ती पोट धरून हसली. "याचं लफडं असतं ना, तर यानंच मला सगळ्यात आधी सांगितलं असतं," म्हणाली.

खोटं नव्हतं ते. भोंग्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाची बदली, कुणाचं जमलेलं लग्न, कुणाचं मोडलेलं लग्न, सगळं त्याच्या गाडीतून गावभर फिरायचं. नाव पडलं भोंगा ते काही उगाच नाही. पण मनानं मऊ. गाडीत बसलेल्या माणसाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून लांबचा, झाडांचा रस्ता धरणारा.

तपासणीच्या बाई म्हणजे नेमक्या काय, तेही सांगायला हवं. कंपनी स्वतः दप्तरं थोडीच शिवायची. ती काम द्यायची कंत्राटदाराला, तो द्यायचा दुसऱ्याला, आणि शेवटी शिवण व्हायची कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं कुणाला डांबून तर ठेवलेलं नाही ना, कुणाची ओळखपत्रं मालकाच्या कपाटात कुलपात तर नाहीत ना, कामावर येणारी बाई संध्याकाळी आपल्या पायांनी बाहेर जाऊ शकते ना, हे बघणं बाईंचं काम. म्हणून त्या न कळवता जायच्या. निदान त्यांची तशी समजूत होती.

त्यातल्या एका शेडचा मुकादम म्हणजे भोंग्याचे दाजी. शेडला लागूनच त्यांची खोली. आणि दाजींची बायको म्हणजे भोंग्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. आता इतक्या लांब गाडी जाणार, तर बहिणीला सांगायला नको?

"ताई, चहा टाक. बाई पण आहेत बरोबर."

एवढंच. यात पाप ते काय?

शेडमध्ये जावं तर सगळं लखलखीत. खिडक्या उघड्या, फरशी पुसलेली, मोजक्याच बायका मान खाली घालून शिवतायत. विचारलं की एका सुरात, "हो बाई, सगळं चांगलं आहे." एकदा बाईंनी कुणी न बसलेल्या एका मशीनवर हात ठेवला. मोटर गरम होती.

"ही कोण चालवतं?"

"सुट्टीवर आहे ती," दाजी म्हणाले.

"सुट्टीवर? आणि मशीन तापलंय?"

दाजी गोंधळले. तेवढ्यात दारात उभा असलेला भोंगा म्हणाला, "बाई, माणसाला ताप येतो, मशीनला येऊ नये होय?"

सगळे हसले. बाईही हसल्या, जरा उशिरानं. दाजींनी मेहुण्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं बुडत्याला हात दिला. भोंग्याची छाती फुगली. आपल्या विनोदानं कुणाचं काय झाकलं जातंय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

ठाऊक झालं ते पुढच्या फेरीत. बाई आत होत्या आणि चहाला अवकाश होता. सावली शोधत भोंगा शेडच्या मागे गेला. तिथं मालाचा टेम्पो उभा होता, ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधलेली, वर रणरणतं ऊन. भोंगा त्याला टेकला आणि आतून कुणीतरी खोकलं. दाबलेला, तोंडात बोळा कोंबल्यासारखा खोकला.

"कोण आहे रे आत?"

ताडपत्रीच्या फटीतून बाईचा आवाज आला.

"गेल्या का त्या?"

"कोण?"

"तपासणीवाल्या. तुम्ही गाडीवालेच ना? आवाजावरून ओळखलं. इथं ऐकू येतो." पुन्हा खोकला. आत आणखी माणसं होती. चुळबुळ ऐकू येत होती, कुणीतरी ‘गप गं’ म्हणालं. पण ती बोलत राहिली. "तुमचा फोन आला की आम्हाला यात बसवतात. तुम्ही परत जाईपर्यंत."

भोंग्याची जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"घरी का नाही जात तुम्ही?" त्यानं कसंबसं विचारलं.

"दाराला बाहेरून कुलूप असतं, दादा." त्यात रडणं नव्हतं, तक्रारही नव्हती. "तुम्ही एवढंच करा. पुढच्या वेळी फोन नका करू."

"नाही करणार," भोंगा म्हणाला.

तिचा चेहरा त्याला दिसला नाही. नुसता आवाज.

चहाचा कप तसाच ठेवून त्यानं ताईला स्वयंपाकाच्या ओट्याशी गाठलं.

"ताई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"टेम्पो."

ताई गाळणी धुवत राहिली. गाळणी केव्हाच स्वच्छ झाली होती. "मला काय माहीत असायचंय? तू फोन करतोस, मी चहा टाकते. ह्यांना सांगते."

"दाजींना सांगतेस?"

"नवऱ्याला सांगू नको? पाहुणे येणार म्हटल्यावर?" मग तिनं नळ बंद केला आणि त्याचा हात धरला. "तू बाईंना काही बोलू नकोस. ह्यांचं काम गेलं की ही खोलीही गेली. मालक ह्यांनाच पुढं करून मोकळा होईल. या वयात कुठं जाऊ रे मी? तुझ्या दारात?"

"ये की माझ्या दारात."

"म्हणणं सोपं असतं," ताई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. ती रडली की भोंगा अजूनही शाळकरी पोर व्हायचा.

परतीच्या रस्त्यात तो काही बोलला नाही. बाईंनी दोनदा विचारलं, "बरं नाही का?" त्यानं सांगितलं, ऊन लागलं. ऊन त्याला लागलं होतं म्हणे!

पुढची फेरी ठरली. भोंगा नळामागे गेला. फोन खिशातच ठेवायचा, असं पक्कं करून गेला होता. मग डोळ्यांपुढं गाळणी धुणारी ताई आली. एवढी एक वेळ, त्यानं स्वतःला सांगितलं. दाजींना जरा सावरायला वेळ मिळेल, तेच त्या बायांना सोडतील, सगळं घरातल्या घरात मिटेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की वकिलालाही हार जात नाही.

"ताई," तो म्हणाला, "चहा टाक."

त्या दिवशी शेडमागे टेम्पो नव्हता. जमिनीवर नुसता तेलाचा डाग. दाजी शहाणे झाले होते. चहा फारच चांगला झाला होता.

मग भोंगा वाजायचा थांबला. गाडीत बातम्या नाहीत, जेवणाच्या डब्याभोवती थट्टा नाही. बायको म्हणाली, "तुम्ही गप्प बसलात की मला घरात चोर शिरल्यासारखं वाटतं." चोर होताच घरात, जेवायला समोर बसलेला.

तिसऱ्या खेपेला त्यानं फोन काढलाच नाही, तर फोनच वाजला. ताई.

"आज इकडं का रे? पाणी ठेवू?"

"नाही ताई. आज दुसरीकडे."

ताईशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला. मग बाईंना घेऊन निघाला आणि गाडी सरळ ताईच्या दारात नेऊन उभी केली. झाडांचा रस्ता त्या दिवशी त्यानं धरला नाही.

ताई उंबऱ्यात उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं, मग भावाकडे. आणि आत गेली. दाजी शेडमधून धावत आले, ‘बाई, जरा बसा, चहा’ म्हणत. बाई बसल्या नाहीत. शेडमधलं प्रत्येक मशीन चालू होतं. मागं बायांच्या झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली दाजींच्या कमरेला.

बाया एकेक करून अंगणात आल्या. भोंगा प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होता. पण चेहरा त्याला माहीत कुठं होता? म्हणून तो खोकला ऐकायची वाट बघत राहिला. कुणी खोकलं नाही.

शेवटी त्यानं एकीला विचारलं.

"ती होय," ती म्हणाली. "तिला मागल्या खेपेलाच दुसरीकडे नेलं. खोकल्याचा आवाज होतो म्हणून." आणि मग, सहज बोलावं तशी, "ती सांगायची, गाडीवाले दादा आता फोन करणार नाहीत."

त्याच संध्याकाळी भोंग्यानं बाईंना सगळं सांगितलं. "तुम्हाला काढून टाकणं फार सोपं आहे," त्या म्हणाल्या. "माझाही त्यात फायदाच. गाडीत बसून तुमचा तो फोन मीही बघत होते, आणि हसत होते." त्यांनी त्याला काढलं नाही. शेडचं काम तोडून बायांना रस्त्यावर आणायलाही त्यांनी कंपनीला नकार दिला. आधी ओळखपत्रं हातात, थकलेला पगार हातात, मग पुढचं बोलणं, असा हट्ट धरला. खोकणाऱ्या बाईचा शोध घेतला. त्या दुसऱ्या जागेपर्यंत माग लागला. तिथून पुढं लागला नाही.

दाजींना पोलिसांनी नेलं, मालक नामानिराळा राहिला, ताई म्हणाली होती तसंच झालं. ती भावाच्या दारात आली नाही. लांबच्या एका नणंदेकडे गेली. भोंगा भेटायला गेला तर दार उघडलं, पाणी दिलं, चहा विचारला नाही.

आता गाडी निघते तेव्हा ती कुठं चालली आहे हे भोंग्याला ठाऊक नसतं. वळण आलं की बाई सांगतात. ही अट त्यानंच घातली, आणि फोन बाळगणंही सोडलं. "मला आधी सांगू नका बाई, माझा भरवसा नाही." लोक हसतात, रस्ता माहीत नसलेला ड्रायव्हर म्हणून. शेडमध्ये पोचल्यावर तो मागच्या बाजूला जातो आणि उभ्या असलेल्या प्रत्येक टेम्पोवर हातानं थापट्या मारून थांबतो, ऐकत.

राहिली ती कुजबूज. भोंग्याचं बाहेर काही नव्हतं. नळामागचा फोन बहिणीला जायचा. त्या फोनवर बाया टेम्पोत कोंडल्या जायच्या. हे कळल्यावरही त्यानं तो एकदा केला.