शनीचा नंबर

चष्मेवाल्यांच्या दुकानात येणाऱ्या माणसाला एकच धाक असायचा. नाकावरचा चष्मा सैल झाला म्हणून आत गेलेला माणूस आकाशगंगेपर्यंत जाऊन यायचा. फ्रेमचे स्क्रू आवळता आवळता ते आज संध्याकाळी कुठला ग्रह कुठे दिसेल ते सांगत, आणि गिऱ्हाईक मान हलवत दाराकडे बघत राही. हे त्यांना कळत नसे असं नाही. बायकोला ते स्वतःच म्हणत, "आज एकाला गुरूचे चंद्र सांगितले. बिचारा पळता पळता डबी विसरला."

दुर्बीण आली त्याला आता वर्ष होत आलं होतं. घराच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली तिची जागा. दोरीवरचे टॉवेल बाजूला सारायचे, वॉशिंग मशीनला वळसा घालायचा, मग स्टुलावर बसायचं. चष्मेवाले स्वतःचा चष्मा काढून दोरीवर चिमट्याने अडकवत, कारण त्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, आणि तो घालून नळीला डोळा लावला की काच काचेवर आपटे. उघड्या डोळ्याने ते चित्र स्पष्ट करायचा बाजूचा गोल खटका अगदी केसाएवढा फिरवत, आणि एकदा शनी त्याच्या कडीसकट लख्ख दिसला की त्या खटक्यावर चिकटपट्टी लावत. कुणी हात लावायचा नाही.

लावतही कुणी नव्हतं. घरी आलेल्या प्रत्येकाला स्टुलावर बसावं लागे, आणि प्रत्येकाला शनीऐवजी एक पुसट पांढरा गोळा दिसे. मेहुण्याला तो साबणाचा फेस वाटला, शेजारच्या मास्तरांना कापसाचा बोळा. चष्मेवाल्यांना मनापासून वाईट वाटायचं. एवढी सगळी माणसं डोळ्यांनी अधू, आणि त्यांना पत्ताही नाही. ते त्यांना दुसऱ्या दिवशी दुकानात बोलवत, अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवत, आणि शोधायलाच बसलं की पाव नंबर कुणाच्याही डोळ्यात सापडतो. मास्तरांचा तसा चष्मा झाला, मेहुण्याचाही. तो म्हणे, हा घातला काय, न घातला काय, फरक एवढाच की घातल्यावर कान दुखतात.

एकट्या बायकोचे डोळे मात्र ठणठणीत होते. पहिल्याच संध्याकाळी ती हात पुसत गॅलरीत आली, वाकली, आणि म्हणाली, "हो, दिसली की कडी. छान आहे." त्यानंतर कितीदा तरी बघितलं तिने. दर वेळी कडी. या एका गोष्टीवर चष्मेवाल्यांचा सगळा डोलारा उभा होता. गिऱ्हाइकं पळोत, मेहुणा हसो, घरात एक माणूस तरी त्यांनी पाहिलेलं पाहत होतं. कणीक मळताना ती त्या कडीचा विचार करत असेल, असंही त्यांच्या मनात येई, आणि मग स्वतःलाच हसू येई, की कणीक मळताना ती फार तर कणकेचा विचार करत असेल.

सासूबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून चार दिवस राहायला आल्या तेव्हाची ही गोष्ट. नव्या डोळ्यांचा त्यांना एवढा तोरा, की येताक्षणी त्यांनी पंख्यावरची धूळ आणि जावयाच्या शर्टावरचा चहाचा डाग दाखवून दिला. औषधाच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं त्या मोठ्याने वाचत फिरत. दिवेलागणीला चष्मेवाल्यांनी त्यांना मानाने स्टुलावर बसवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, भिजवलेली शर्टाची गुंडी दिसते आहे.

चष्मेवाल्यांनी नेहमीचा सुस्कारा सोडला. डोळ्यात पुन्हा काहीतरी आलेलं दिसतंय, म्हणाले, उद्या दुकानात या, तपासून टाकू.

"डॉक्टरांनी कालच तपासलेत, जावईबापू," सासूबाई स्टुलावरून न उठताच म्हणाल्या. "माझं ठीक आहे. या यंत्राचा नंबर काढलात का कधी?"

बायको फिसकन हसली. चष्मेवालेही हसले. हसता हसता त्यांचा हात चष्म्यासाठी दोरीकडे गेला, चिमट्यापर्यंत पोचला, आणि तिथेच थांबला.

जन्मभर दुसऱ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाने दुर्बिणीला स्वतःचा नंबर लावून ठेवला होता. वर चिकटपट्टी लावून. आपल्या अधू डोळ्यांना जुळेल तसं ते यंत्र लावायचं, आणि मग चांगल्या डोळ्यांच्या माणसांना म्हणायचं, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही चष्मा घ्या. मेहुण्याचे दुखरे कान त्यांना आठवले. मास्तरांच्या नाकावरचा वळ आठवला. आपल्या दुकानात असा कारागीर नोकरीला असता तर आपण त्याला फडकं मारायच्या कामावरही ठेवला नसता, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्याहून वाईट काहीतरी मनात आलं. त्यांनी चष्मा चढवला आणि बायकोकडे पाहिलं.

"मग तुला कडी कशी दिसायची?"

तिने दोरीवरचा एक टॉवेल काढला, घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली.

"तुम्ही इतक्या हौसेने विचारायचात," ती म्हणाली. "नाही कसं म्हणायचं?"

म्हणजे वर्षभर ते गॅलरीत एकटेच होते. सासूबाई गुपचूप स्टुलावरून उठल्या. चष्मेवाल्यांनी नखाने चिकटपट्टी खरवडून काढली, बायकोला स्टुलावर बसवलं आणि तिचा हात धरून खटक्यावर ठेवला. हळू, म्हणाले, जरा उलटीकडे. आणखी. आता तुझं तू बघ.

ती खटका फिरवत राहिली. मग तिचा हात थांबला. दोरीवरून पाण्याचा थेंब तिच्या मानेवर पडला, तोही तिने पुसला नाही.

"अहो," ती म्हणाली, "हे तर खरंच आहे."

"म्हणजे? तुला काय वाटत होतं?"

"मला वाटायचं, तुम्हाला भास होतात. आईलासुद्धा बोलले होते. म्हटलं, दुकानात दिवसभर काचा, घरी काचा, माणसाचं होतं असं. त्रास काही नाही ना, मग असू दे."

सासूबाईंनी मान हलवून दुजोरा दिला. म्हणजे मायलेकींनी मिळून हे केव्हाच सांभाळून घेतलं होतं. सगळ्या बिल्डिंगचे डोळे अधू ठरवणाऱ्या माणसाला घरातल्यांनी डोक्याने अधू ठरवलं होतं. हिशोब चोख झाला, असं म्हणून चष्मेवाले हसायला लागले.

बायकोचं लक्षच नव्हतं. शनी सरकून नळीबाहेर गेला की ती न सांगता नळी ढकलून त्याला पुन्हा गाठत होती. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. शेवटी सासूबाईच गॅस बंद करायला आत गेल्या.

"बघायचंय तुम्हाला?" तिने अनिच्छेने जागा दिली. "पण खटक्याला हात लावू नका हं. माझं आत्ताच नीट लागलंय."

चष्मेवाल्यांनी चष्मा चिमट्याला लावला आणि वाकले. समोर एक पुसट पांढरा गोळा होता. भिजवलेली शर्टाची गुंडी. सासूबाईंनी अगदी नेमकं सांगितलं होतं.

"दिसली ना कडी?" तिने विचारलं. ती त्यांच्या खांद्यावरून इतकी ओणवी झाली होती की तिचा श्वास कानाला लागत होता.

"हो, दिसली की," चष्मेवाले म्हणाले, आणि उठून त्यांनी तिला स्टूल परत दिलं. "छान आहे."